जिन्यात दुखणारा दात

३ फेब्रुवारी

प्रिय वकीलबाई,

आशीर्वाद. खुशाली पहिल्या ओळीतच उरकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील: मी बरी, दुकान बरं, आणि माझा दमा तर माझ्याहून बरा.

परवा तू फोन केलास आणि मी "पत्र लिही गं" म्हणून ठेवून दिला. राग आला असेल. येऊ दे. अगं, फोनवर तू सलग तीन वाक्यं बोलतेस आणि मला एकही पुरं करू देत नाहीस. पत्रात मला तोडणारं कुणी नाही. हे बघ, आत्ताच एक वाक्य लिहिते, ज्यात पाच स्वल्पविराम आहेत, तुला एक टोमणा आहे, तुझ्या नवऱ्याच्या ढेरीचा आदरपूर्वक उल्लेख आहे, आणि तरीही ते न अडखळता थेट पूर्णविरामापर्यंत येऊन पोचतं. पोचलं की नाही? फोनवर जमलं असतं का? तेव्हा यापुढे आपलं पत्रच.

आमच्या शेंडेफळाची, म्हणजे तुझ्या नवऱ्याची, छातीची तपासणी पुढच्या महिन्यात आहे म्हणालीस. त्याला वेळेवर ने. तो रस्त्यात दुकानं बघत रेंगाळेल, पण हाताला धरून ने. तुला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नसेल, पण आमच्या घरात बाकी कशाची नाही तरी दुखण्यांची वाटणी फार पूर्वीच झाली आहे. बाबा हृदयाने गेले, आईने जन्मभर दमा काढला. बाबांना पोचवून आल्यावर आमची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "मुलगा बापावर, मुलगी आईवर." झालं! हृदय त्याच्याकडे, दमा माझ्याकडे. कागद नाही, सही नाही, पण ही वाटणी कुणी कधी मोडली नाही. मी त्याच्या हृदयात लुडबुड केली नाही, आणि तो नुसता खोकला तरी आई त्याला म्हणायची, "उगाच बहिणीची नक्कल करू नकोस."

दुकानात सध्या बांधणीला शाळांचे जुने नकाशासंग्रह आले आहेत. प्रत्येकाची पाठ मोडलेली, शिवण उसवलेली. मुलांना जग कसं हाताळावं हे शिकवायला हवं. पानं सुटी केली की इतकी धूळ उडते की दम्याचा पंप दोनदा जास्त मारावा लागतो. चालायचंच. माझ्या वरच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवली आहे. आल्यागेल्याला बसायला बरी.

उत्तर लांब लिही. कागद माझ्याकडून मागव, पण लांब लिही.

तुझी एकुलती एक, म्हणून दुप्पट जाच करणारी
नणंद


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केला आहे असं धरा. आमच्या खिडकीमागे वाकायला जागा नाही. बसस्थानकावर लोक इतक्या वस्तू विसरतात की त्या सांभाळणाऱ्या बाईला अंग चोरून बसावं लागतं. या आठवड्यात छत्र्या आल्या, एक कवळी आली, आणि एका पायातला बूट आला. कवळीचा मालक अजून आलेला नाही. मला त्या माणसाची काळजी नाही, जेवताना त्याच्या समोर बसणाऱ्यांची आहे.

तुमचं लांबलचक वाक्य पोचलं. टोमणाही पोचला. ढेरीचा उल्लेख मी मोठ्याने वाचून दाखवला. बंधुराज म्हणाले, "ताईला सांग, ही ढेरी नाही, हा राखीव साठा आहे." साठा वाढतोच आहे. मी घरातलं तेल कुलपात ठेवल्यापासून रोज सकाळी ते "हृदयासाठी" फिरायला जातात. कुठवर जातात ते मला कळत नव्हतं. काल मिशीला साखर लागलेली दिसली. म्हणजे बेकरीपर्यंत जातात, आणि हृदयासाठीच जातात, यात काही खोटं नाही.

त्यांची धास्ती मात्र खरी आहे, ताई. वडील ज्या वयात गेले ते वय यांना आता लागतंय. आरशासमोर उभे राहून छातीवर हात ठेवतात. मी विचारलं की म्हणतात, "बटण बघत होतो." तुम्ही सांगितलेली वाटणी मला त्यांच्याकडून आधीच कळली होती; ते तर ती अभिमानाने सांगतात, जसं काही वडिलांनी बंगला ठेवलाय.

आता एक विचारते, वकीलबाई म्हणता तर उलटतपासणीही सोसा. वळणावरच्या खुर्चीवर बसतो कोण? जिना तुमच्या एकटीच्या खोलीकडे जातो. आलागेला म्हणजे खालचे, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, ते तर दुकानातूनच हाक मारतात. आणि पंप दोनदा जास्त म्हणजे नेमका कोणता? निळा, तात्पुरता? की रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा तो? तो रोजचा घेता ना?

तुमची,
खिडकीतली भावजय


२६ फेब्रुवारी

प्रिय वकीलबाई,

उशीर झाला. कारण ऐकशील तर हसशील: दात काढला.

झालं असं की गेले काही दिवस डावा जबडा ठणकायचा. सारखा नाही, मधेच, लहर लागेल तसा. सकाळी दुकान उघडायला खाली उतरताना काही नाही, पण दुपारी जेवायला वर चढले की सुरू. जरा बसलं की गप्प. मी म्हटलं, हा दात आहे की मांडीवरचं मांजर? आपण उठलो की रुसतं, बसलो की खूश. शेवटी दाताच्या डॉक्टरकडे गेले. तरुण आहे, गोड बोलतो, आणि हातात पक्कड असताना माणसाने गोड बोलू नये असं माझं मत आहे. तो म्हणाला, "आजी, दात तसा चांगला दिसतोय." मला आजी म्हणाला! मी म्हटलं, "चांगला आहे म्हणूनच माजलाय. काढ." त्याने फार आढेवेढे घेतले. पण मी कुणाची बहीण आहे? काढून घेतला.

आता दात गेला आणि ठणका तिथेच आहे. रिकाम्या जागेचं दुखतं म्हणतात ते हेच असणार.

खुर्चीवर कोण बसतं म्हणून विचारलंस. कुणी का बसेना! खुर्ची बसण्यासाठीच असते. रोजच्या पंपाचं म्हणशील तर, तो घेतला काय आणि नाही घेतला काय, लगेच काही फरक कळत नाही. सरकारी कामासारखा आहे. निळा कसा, मारला की मोकळं. पण हल्लीच्या निळ्यात काही दम राहिलेला नाही. चार वेळा मारला तरी छातीवरचं ओझं हलत नाही. भेसळ करत असतील. पूर्वीचा पंप राहिला नाही, पूर्वीची खळ राहिली नाही. हल्ली पुठ्ठा चिकटवला तरी पुठ्ठ्यालाच शंका असते.

नकाशासंग्रह निम्मे झाले. आपल्या शेंडेफळाला सांग, छातीवरचा हात काढ आणि तपासून घे. त्याच्या काळजीने मला झोप लागत नाही. उशा दोन घेतल्या तरी नाही.

तुझी दातशून्य नव्हे, दातन्यून
नणंद


८ मार्च

ताई,

आज नमस्कार नंतर. आधी भांडण.

परवा यांना तपासणीला नेलं. रस्ताभर एकाही दुकानापाशी रेंगाळले नाहीत. डॉक्टरीणबाई लहान चणीच्या, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या. यांना पट्ट्यावर चालवलं, तारा लावल्या, रक्त घेतलं. हे डोळे मिटून पडले होते आणि मला हळूच म्हणाले, "कपाटाची किल्ली घड्याळामागे आहे." सगळे अहवाल आले. हृदय ठणठणीत! वजन कमी करा, बेकरी बंद करा, आणि दोन वर्षांनी या. बाहेर येऊन यांनी मला काय म्हणावं? "काहीतरी चुकलं असेल त्यांचं." वाटणीत मिळालेली वस्तू दुसऱ्याच्या घरी निघाल्यासारखा चेहरा झाला होता.

आता ऐका. निघता निघता बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला काही त्रास?" मी म्हटलं, "नणंदेला लहानपणापासून दमा आहे. पण ते वेगळं."

"वेगळं कसं?" त्या म्हणाल्या.

वेगळं म्हणजे वेगळं! वाटणी झालीय! पण हे त्यांना कसं सांगणार?

त्या म्हणाल्या, दमा म्हणजे श्वासनळ्यांची सूज. तो वर्षानुवर्षं मुक्कामाला असला, रोज औषध लागेल असा असला, तर ती सूज श्वासनळ्यांपुरती राहते असं नाही. रक्तवाहिन्यांनाही तिची झळ लागते असं दिसतं. अशा माणसांत हृदयविकार इतरांपेक्षा जास्त आढळतो. प्रत्येकाला होतोच असं मुळीच नाही. "पण," त्या म्हणाल्या, "दमेकऱ्यांची एक खोड असते. धाप लागली की ते दम्यावर ढकलून मोकळे होतात. जुना चोर घरात असला की नव्याची चौकशी कोण करतो? त्यांना विचारा: धाप चढताना लागते आणि बसलं की थांबते का? पंपाने हलत नाही असं छातीत काही वाटतं का? हात, पाठ, जबडा दुखतो का?"

जबडा म्हणाल्या, ताई.

घरी येऊन तुमची दोन्ही पत्रं काढली. ताई, दाताला जिना कळतो का हो? उतरताना दुखत नाही आणि चढताना दुखतो, असा दात मी तरी ऐकलेला नाही, आणि माझ्याकडे अख्खी कवळी पडून आहे. मग मी घड्याळजींच्या दुकानात फोन केला. विचारलं, वळणावरच्या खुर्चीवर कोण बसतं? ते आधी हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "ताईच बसतात. म्हणतात, खिडकीतून रस्ता छान दिसतो." मी विचारलं, तिथे खिडकी आहे? ते म्हणाले, "नाही."

आणि फोन! मी तुम्हाला वाक्य पुरं करू देत नाही म्हणे! ताई, मी तोडत नव्हते. तुमचंच वाक्य तुटत होतं. आणि मी महिनाभर तुमची लांबलचक वाक्यं वाचून खूश, की ताईंचा जोर बघा!

सगळी कामं टाका आणि उद्या छातीच्या तपासणीला जा. बरोबर घड्याळजींना न्या. आज जमत असेल तर आज. तुमच्या निळ्या पंपात भेसळ नाही. तो ज्याच्यासाठी आहे ते हे दुखणंच नसेल. आणि बसल्या जागी दुखायला लागलं, थांबेना झालं, तर दुकानाला कुलूप लावत बसू नका. हाक मारा आणि थेट इस्पितळ.

नमस्कार.

भावजय


१५ मार्च

वकीलबाई,

तुझं पत्र मिळालं. घड्याळजी तोंड चुकवतोय, म्हणजे त्याचीही साक्ष काढलीस. त्याच्या दुकानात पन्नास घड्याळं पन्नास वेगवेगळ्या वेळा सांगतात आणि त्याच्या खिडकीवर तू भरवसा ठेवतेस.

रागावले होते. तीन पानं लिहून फाडली. मग म्हटलं, हिच्याशी खोटं बोलायलाही श्वास लागतो, आणि तो काही माझ्याकडे ऊतू जात नाही. तर ऐक.

हो. खुर्ची माझी आहे. पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला की छातीवर कुणीतरी दाबाचं यंत्र आवळतं. फोनवर चार शब्द बोलले की पाचवा सापडत नाही, म्हणून फोन बंद केला. पत्रात धाप ऐकू येत नाही, हे मला फार बरं वाटायचं. लिहिताना मी अजून पूर्वीचीच असते. अर्धं वाक्य झालं की पेन ठेवते, जरा बसते, मग पुढे लिहिते. तुला जोड दिसत नाही. पुस्तकांची पाठ बांधणाऱ्या बाईला तेवढं येतंच.

पण मी जाणार नाही. निदान हे काम होईपर्यंत नाही. का, तेही सांगते. उगाच तर्क लढवू नकोस.

मी तपासायला गेले की काहीतरी निघेल. काहीतरी निघालं की माझं शेंडेफळ गाडी घेऊन येईल. रडेल, आणि तो रडला की मला नाही म्हणता येत नाही. तो तीन वर्षांचा होता तेव्हापासून हीच त्याची युक्ती आहे. मग दुकान बंद, खोली बंद, आणि मी तुमच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर. येणारा प्रत्येक जण मला बघून आवाज खाली घेणार. "कसं वाटतंय आता ताईंना?" असं मला न विचारता तुला विचारणार. मी अशा तीन बायका बघितल्या आहेत. त्या आजाराने नाही गेल्या गं, त्या सोफ्याने गेल्या.

इथे मी वर चढताना धापते, मान्य. पण माझ्या जिन्यावर धापते.

आता या विषयावर पुढे लिहू नकोस. बेकरीचं काय झालं ते लिही.

नणंद


१८ मार्च

ताई,

दोन ओळी, बाकी प्रत्यक्ष.

तुमचं दुकान, तुमची खोली, तुमचा जिना, यांतलं मला काही नको. तुम्हाला कुणी इथे आणणार नाही. मी आणू देणार नाही. यांनी रडायला सुरुवात केली तर मी त्यांच्या आधी रडेन, मला ती युक्ती त्यांच्याहून चांगली येते. लिहून देते आणि खाली सही करते, वकीलबाईंचा शब्द आहे. मला फक्त तुमची छाती हवी आहे, तीही अर्ध्या दिवसापुरती.

खिडकीवर दुसऱ्या बाईला बसवलं आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. यांना सांगितलं आहे की तुम्हाला नकाशांच्या कामात मदत हवी आहे. त्यांनी विश्वास ठेवला. बेकरी बंद झाल्यापासून ते कशावरही विश्वास ठेवतात.

मला घ्यायला जिना उतरून खाली येऊ नका. मीच वर येते.

भावजय


३ एप्रिल

प्रिय वकीलबाई,

आशीर्वाद, आणि या वेळी तोंडदेखले नव्हेत.

काल तू गाडीत बसलीस आणि इथे वॉर्डात एकदम शांतता झाली. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमची मुलगी का हो?" मी म्हटलं, "भावजय." तिचा विश्वास बसेना. म्हणाली, "मग एवढं भांडत का होती?" मी म्हटलं, "म्हणूनच."

जे तू पाहिलंस ते सांगत नाही. पट्टा सुरू केल्यावर मी अजून एक पाय नीट टाकला नव्हता तोवर त्यांनी तो बंद केला, आणि तू माझी पिशवी अशी छातीशी धरलीस की जणू तीच तपासायची होती, ते सगळं तुला माहीत आहे. पण त्या आतल्या खोलीत तू नव्हतीस, म्हणून तेवढं लिहिते.

मनगटातून नळी घातली. मी जागी होते. समोरच्या पडद्यावर माझं हृदय दिसत होतं. एवढी वर्षं ते माझ्याकडे होतं आणि मी ते भावाचं समजत होते! डॉक्टर म्हणाले, "ही बघा, ही वाट जवळजवळ बंद आहे." मी बघितलं. फांदी वाळत आल्यावर दिसते तशी. मग त्यांनी तिथे जाळीची बारीक नळी बसवली. मी विचारलं, "जाळीच का?" ते म्हणाले, "आतून आधार राहतो, आणि वाट मिटत नाही." मी म्हटलं, "आम्हीही पुस्तकाच्या पाठीला जाळीचं कापडच लावतो." ते म्हणाले, "मग तुम्हाला पुढचं सांगायला नको. आता जपून उघडा."

मला एकदम हसू आलं. हसल्यावर कळलं की छातीवरचं यंत्र कुणीतरी सैल केलंय. नर्स म्हणाली, हलू नका. पण हसणं ही काही हालचाल नव्हे.

दम्याला मात्र कुणी निर्दोष सोडलेला नाही. तो आहेच. छातीच्या डॉक्टरांनी मला अर्धा तास झापलं, की रोजचा पंप टाळून नुसता निळा मारत राहणं म्हणजे घर जळत असताना धूर पुसत बसणं. आणि निळ्याने काळजाची धडधड वाढते ती वेगळीच. आता रोजचा घेते. सरकारी काम असलं तरी शेवटी तेच उपयोगी पडतं म्हणतात.

तो दात मात्र गेला तो गेला. बिचारा. काही केलं नव्हतं त्याने.

तुझी
नणंद


१० एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार, वाकून, आणि खराखुरा. आज खिडकीवर गर्दी नाही.

तुम्ही घरी पोचल्याचं घड्याळजींनी कळवलं. त्यांनी तुमचा पलंग खालच्या मागच्या खोलीत हलवला, तोही तुम्हाला न विचारता, म्हणून तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही हेही कळवलं. बोला हो. डॉक्टरांनीच सांगितलंय, थोडे दिवस जिना सावकाश, मग रोज चढा. माणूस घाबरला होता. तुम्ही इस्पितळात होता तेव्हा त्याने दुकानातली सगळी घड्याळं एका वेळेवर लावून ठेवली होती. मी स्वतः पाहिली.

यांना सगळं सांगितलं. आधी रडले. मग मोजपट्टी काढली. बाहेरची खोली मोजली, सोफा भिंतीला लावला, दिवा हलवला, आणि गाडीवाल्याला फोन करायला निघाले. मी दारात उभी राहिले. म्हटलं, शब्द दिलाय. म्हणाले, "माझी बहीण आहे." मी म्हटलं, "म्हणूनच तिला ओळखायला हवं होतं." मग मीही रडले. ठरल्याप्रमाणे आधी रडायचं होतं, पण जमलं नाही. मात्र जोरात रडले. शेवटी त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. तिथून पुढे दोन दिवस एकच वाक्य: "म्हणजे माझं हृदय तिने घेतलं." राग नाही हो. सारखे तेच म्हणतात आणि डोळे पुसतात. मोठ्या बहिणीने आपल्या वाटचा मार खाल्ला असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलंय. मी सांगून बघितलं, दुखणी अशी वाटली जात नाहीत. ऐकत नाहीत.

तेव्हा निश्चिंत राहा. कुणी येणार नाही, कुणी नेणार नाही, हा विषय या घरात बंद झाला. दुकान तुमचं, जिना तुमचा.

गोळ्या वेळेवर घ्या. नवीन कुणी डॉक्टर काही औषध देऊ लागला तर आधी सांगा, की मला दमा आहे आणि हृदयही आहे. दोन्ही सांगा. काही गोळ्या एकाला बऱ्या आणि दुसऱ्याला वाईट असतात. एकाचं नाव घेताना दुसऱ्याला विसरायचं, हे आपल्याला आता परवडणारं नाही.

तुमची
भावजय


२४ एप्रिल

प्रिय वकीलबाई,

नकाशासंग्रह गेले. शेवटचा मी स्वतः बांधला, घड्याळजीने नुसता दाब आवळला. आता बोलतो आम्ही. काल तिन्ही वेळा जिना चढले. सावकाश, कठड्याला धरून. वळणावर थांबले नाही. वर पोचल्यावर मात्र काय करावं ते सुचेना; इतके दिवस वर पोचणं हेच काम असायचं.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी रुसले होते. तुझ्यावर.

अगं, मी इथे पूर्ण तयारी करून बसले होते. तू म्हणणार "या", मी म्हणणार "नाही". तू म्हणणार "असं कसं", मी म्हणणार "असंच". कोणत्या वाक्यावर आवाज चढवायचा, कुठे दार आपटायचं, सगळं ठरलेलं. आणि तू काय लिहितेस? "कुणी येणार नाही, कुणी नेणार नाही, विषय बंद." इतकी शब्दाला जागणारी भावजय काय कामाची? शब्द पाळायचा म्हणजे अगदी एकदासुद्धा विचारायचं नाही? शेंडेफळाने सोफा हलवला म्हणतेस. तो परत जागेवर ठेवलात की काय? की नुसता भिंतीला टेकून ताटकळतोय बिचारा?

हे मी का लिहितेय मला ठाऊक नाही. दुकान चालू आहे, तब्येत बरी आहे. पण संध्याकाळी काम संपलं की तुझं ते वॉर्डातलं भांडण कानात येतं. तू नर्सला म्हणाली होतीस, "त्या काहीच दुखत नाही म्हणाल्या तर दुप्पट गोळ्या द्या." आठवून हसते, आणि मग खोलीत फारच नीटनेटकी शांतता असते.

पुढच्या महिन्यात शाळांना सुट्टी, काम तसंही थोडं. घड्याळजी दुकानाकडे बघेल म्हणतो. मी काही यायचं म्हणत नाहीये. नुसतं विचारतेय, की समजा कुणी थोडे दिवस यायचं म्हटलं, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या तिकिटाने, तर तुमच्याकडे जागा असते का?

सोफ्यावर झोपणार नाही. "कसं वाटतंय" कुणी विचारलं तर चावीन. अजून पुरेसे दात आहेत.

नणंद


२८ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र काल संध्याकाळी घरी मिळालं आणि आज खिडकीवर रांग असताना लिहितेय. एक गृहस्थ छत्री मागतायत. मागू देत.

आग्रह करायचा राहून गेला, तो आता करते. कान बंद करून घ्या. याच! आलात नाहीत तर मी येईन, यांना घेऊन येईन, आणि तिथे तुमच्या दुकानात त्यांना पुठ्ठे चिकटवायला बसवीन. मागची खोली तुमची, तिला कडी आतून आहे. पत्र वाचून दाखवलं तर हे रडत नाहीत, चक्क शीळ घालतायत, आणि हृदयासाठी म्हणून बेकरीत काय काय मिळतं ते सांगतायत. तुम्हीच आवरा त्यांना, माझं ऐकत नाहीत.

तुमच्या सगळ्या अटी मान्य. माझी एकच: परत जायची तारीख आधी ठरवून या, म्हणजे तुमचा मान राहील. आणि इथे आल्यावर ती पुढे ढकला, म्हणजे माझा.

तुमची
भावजय